माळ्याखालची जागा

माझ्या बॅगेत गेली तीन वर्षं एक ताणकाटा असतो. रद्दीवाले आकड्याला गठ्ठा अडकवून टांगतात ना, तसा. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मी शिरलो की कुणीतरी हमखास ओरडतं, "रद्दीवाला आला रे, पेपर काढा!" सगळे हसतात. मीही हसतो. मग एक मूर्ती मागून घेतो, सुतळीच्या झोळीत बसवून काट्याला टांगतो आणि वरच्या माळ्याकडे बघत मनात गुणाकार करायला लागतो. माझं हसणं तिथे संपतं.

मी बांधकामाचा इंजिनियर. सुरुवातीची सात वर्षं रोह्याला, धाटावच्या एका रसायन कंपनीत गेली. नंतर पेणला एसटी स्टँडजवळ स्वतःचं ऑफिस थाटलं. बंगले केले, शेड केल्या, पाण्याच्या टाक्या केल्या. पण गावात माझी ओळख झाली ती 'माळेवाले साहेब' म्हणून. इथे मूर्ती जवळजवळ वर्षभर घडतात आणि बाहेर पडतात दोन-अडीच महिन्यांत. मधल्या काळात त्या ठेवायच्या कुठे? डोक्यावर. लोखंडी खांब, खांबांवर आडव्या तुळया, तुळयांवर कैच्या म्हणजे तिरक्या पट्ट्यांचे लोखंडी सांगाडे, कैच्यांवर फळ्या. वर गणपती, खाली माणसं. असे अकरा माळे या तालुक्यात माझ्या सहीचे आहेत.

संपादकांनी या अंकासाठी गमतीदार गिऱ्हाइकांचे किस्से मागितले होते. ते आहेत माझ्याकडे. एका कारखानदाराला मी विचारलं, "वर किती वजन येईल?" तो कानाला हात लावून म्हणाला, "साहेब, देवाचं वजन करतात काय?" असे अर्धा तास सांगता येतील. पण लिहायला बसलो की दरवेळी हात एकाच माळ्याकडे जातो. म्हणून तोच लिहितो.

आधी रोह्याचं थोडं सांगायला हवं, कारण माझ्या चुकीची सुरुवात तिथल्या एका चांगल्या गोष्टीपासून झाली. कंपनीत घरत नावाचे फोरमन होते. नवा लोखंडी प्लॅटफॉर्म उभा राहिला की ते खाली हाताची घडी घालून उभे राहत आणि म्हणत, "साहेब, पयले तुमी." ज्याने कागदावर आखलं त्याने आधी वर चढायचं, हा त्यांचा कायदा. मी पहिल्यांदा दोन्ही हातांनी कठडा धरून चढलो. वर पोचलो तसे खालून ओरडले, "आता उडी मारा!" मी मारली. "बरा हाय. आता आमी येतो."

त्या उडीवर माझा जीव जडला. पेणला आल्यावर प्रत्येक माळा ताब्यात देताना मी वर चढून तीन उड्या मारायचो. लोकांना ते फार आवडलं. हळूहळू त्याचा विधीच झाला. नारळ फुटायचा, पेढे यायचे, बायका वर बघत उभ्या राहायच्या. साहेबांची उडी झाल्याशिवाय एक मूर्ती वर चढत नसे.

मी एक गोष्ट सोयीस्करपणे विसरलो होतो. रोह्याला माझ्या उडीच्या आधी दोन दिवस त्या प्लॅटफॉर्मवर वाळूच्या गोण्या रचून ठेवलेल्या असत. त्या उतरवल्यावर दोरी ताणून तुळई परत सरळ झाली की नाही ते पाहिलेलं असे. सेफ्टी ऑफिसरची सही झालेली असे. उडी ही त्यानंतरची घरतांची गंमत होती. पेणला येताना मी वाळूच्या गोण्या रोह्यात ठेवून आलो, उडी तेवढी घेऊन आलो. माझं वजन बहात्तर किलो. माळ्यावर येणार असायचे काही टन.

नंदूशेठचा कारखाना रामवाडीत, हायवेपासून आत. शेठ म्हणायचं एवढंच. माणूस दिवसभर स्वतः साच्यात हात घालून बसलेला, कोपरापर्यंत पांढरा. त्यांच्या माळ्याचं पहिलं ड्रॉइंग मी केलं ते शाडूच्या ओल्या मूर्ती धरून. हा आमचा साधा नियम. जास्तीत जास्त वाईट काय होऊ शकेल ते धरायचं आणि त्यावर आणखी थोडं. नंदूशेठनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

"साहेब, मधले दोन खांब काय करतात?"

"वजन धरतात."

"वजन नाय, ते माझी हातगाडी धरतात. मोठी मूर्ती भायेर काढू कशी? डोक्यावरनं उडवू? आनि लोखंड केवढ्याला झालंय ते बघा जरा."

"शेठ, शाडू वर चढवलात तर हे खांब लागतील."

"शाडू कोन चढवतोय वर? शाडू मागतोय कोन? माझा सगला माल प्लास्टरचा. लिहून देऊ काय?"

मी म्हणालो, "लिहून कशाला? तुमचा शब्द आहे ना."

ते वाक्य मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं. त्या काळी त्यांचं खरंही होतं. मी घरी नेऊन एक फुटी प्लास्टरची मूर्ती वाणसामानाच्या काट्यावर ठेवली. आत पोकळ, साडेतीन किलोही भरली नाही. त्याच उंचीची शाडूची सात किलोंच्या वर गेली, तीही वाळलेली. मग मी हिशेब प्लास्टरवर केला. मधले दोन खांब काढले, तुळया एका मापाने हलक्या केल्या. शेठचे पैसे वाचले, जागा मोकळी झाली. नियमांत बसत होतं सगळं. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढची कितीतरी वर्षं मी स्वतःला हेच सांगत होतो.

माळा उभा केला रफिकभाईने. बारा वर्षं कुवेतला वेल्डिंग करून आलेला, कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. शेवटचा जोड मारून झाल्यावर त्याने डोळ्यांवरचा चष्मा कपाळावर ढकलला.

"साहेब, कुवेतला आमच्याकडे अशा माळ्याला पाटी असायची. किती वजन चालेल ते लिवलेलं. पाटी नसली तर फोरमन पाय ठेवू देत नव्हता. इथं लावू? पत्रा माझा, रंग माझा."

नंदूशेठ म्हणाले, "पाटी लावलीस तर गिऱ्हाईक इचारील, माळा कच्चा हाय काय? तुझ्या कुवेतला गनपती बसवतात काय रे?"

"गनपती नाय बसवत शेठ, पन मानसं बसतात ना खाली."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "राहू दे रफिकभाई." आणि वर चढून तीन उड्या मारल्या. नारळ फुटला.

वजनाचा आकडा मी लिहिला नव्हता असं नाही. ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत, आमच्या मापांच्या भाषेत तो होता. कारखान्यातल्या कुणालाही तो वाचता येणार नव्हता, आणि हे मला लिहितानाच माहीत होतं. नंदूशेठनी ते ड्रॉइंग गुंडाळून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलं. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं.

आणि एक. मूर्तीच्या कारखान्यात किलो हा शब्दच नाही. तिथे माल उंचीने आणि नगाने मोजतात. फुटी इतके, सव्वा फुटी इतके. माळा पाहून कारागीर विचारतो, "वर किती बसतील?" किती पेलतील असं कुणी विचारत नाही. फळीवर जागा असली की मूर्ती बसते. प्लास्टरची फुटी आणि शाडूची फुटी या दोघी तिथे एकाच आकड्याने मोजल्या जातात.

काही वर्षं बरी गेली. मग प्लास्टरवर बंदी येणार, येणार नाही, लहान मूर्तींना येणार, अशा बातम्या सुरू झाल्या. शहरातली गिऱ्हाइकं शाडू मागू लागली. एके दिवशी मी स्कूटरवरून रामवाडीतून जात होतो. नंदूशेठच्या दारात टेम्पोतून गोण्या उतरत होत्या. शाडू. मी वेग कमी केला. थांबलो नाही.

का थांबलो नाही, याचं उत्तर मी गेली तीन वर्षं शोधतोय असं नाटक करणार नाही. उत्तर मला तेव्हाच ठाऊक होतं. आत गेलो असतो तर म्हणावं लागलं असतं की शेठ, हा माळा याला पुरणार नाही. ते म्हणाले असते, मग तुम्ही सही कशी केलीत? आणि उरलेल्या माळ्यांचे मालक तेच विचारायला आले असते. मी घरी आलो. जेवण गेलं नाही. बायकोने विचारलं तर पित्तावर ढकललं. दुसऱ्या दिवशी फोन केला.

"शेठ, शाडू घेतलेला दिसतोय. वर चढवत नाही ना?"

"नाय ओ साहेब. थोडासाच हाय. खालीच ठेवतोय."

मी फोन ठेवला आणि मला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते. रामवाडी माझ्या ऑफिसपासून स्कूटरवर दहा मिनिटं. मी पुढचे दोन महिने त्या रस्त्याने गेलोच नाही. जायचं झालं तर वळसा घातला.

आता सुगंधाबद्दल. ती कासू गावची. सकाळच्या गाडीने पेणला उतरायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. नंदूशेठकडे ती आखणी करायची, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायची. कारखान्यात शंभर कामं असतात, पण हे काम दोन-तीन जणांनाच देतात. एका दमात भुवई, एका दमात पापणी. ब्रश उचलला की पुन्हा टेकवायचा नाही. बायांना हे काम सहसा मिळत नाही. तिला मिळालं होतं ते तिच्या हातामुळे. तिची बसायची जागा माळ्याच्या बरोबर मध्याखाली, पंख्याच्या वाऱ्यात, रंगाच्या लाकडी कपाटाशेजारी.

ते कपाट जमिनीपासून थेट माळ्याच्या तुळईपर्यंत होतं. श्रावणाच्या आधी एक दिवस त्याचं दार घट्ट बसू लागलं. सुगंधाने शेठना सांगितलं, "दार अडतंय." शेठ म्हणाले, "पावसाने फुगलं असेल." या लोकांच्या हातात आयुष्यभर पॉलिश पेपर. वर आलेलं काहीही घासून सारखं करायचं, हाच त्यांचा धर्म. एका कारागिराने दाराची वरची कड घासली. दार उघडू लागलं. आठवड्याने पुन्हा अडलं. पुन्हा घासलं.

दार फुगलं नव्हतं. तुळई खाली येत होती.

शाडूच्या मूर्ती वर चढल्या होत्या. शेठ खोटं बोलले नव्हते. फोन केला तेव्हा त्या खालीच होत्या. पुढे मागणी वाढली, खाली पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि वर जागा दिसत होती. शब्द दिल्याचं त्यांना आठवतही नव्हतं. कशाला आठवेल? अट माझ्या डोक्यात होती. लोखंडात नव्हती, भिंतीवर नव्हती.

दुपारी डबा खायच्या वेळेला तिसऱ्यांदा दार अडलं. सुगंधा उठून ते ओढत होती. वर कैची वाकून कलली, एका फळीचं टोक आधारावरून निसटलं आणि एक अख्खी ओळ खाली आली. बाकीच्या बाया डबे घेऊन दारापाशी बसल्या होत्या, म्हणून वाचल्या. सुगंधाने डोकं वाचवायला उजवा हात वर घेतला. मनगट आणि दोन बोटं चेचली.

मी पोचलो तेव्हा तिला दवाखान्यात नेलं होतं. जमिनीवर शाडूचा चुरा, त्यात काढून झालेले डोळे. माळा मधोमध झोळीसारखा लोंबत होता. रफिकभाई टेकूंना आडवे पाइप मारत होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. एवढंच म्हणाला, "पत्रा अजून पडून हाय माझ्याकडं."

चौकशी झाली. देव्हाऱ्यावरचं ड्रॉइंग काढलं गेलं, कुंकवाचे डाग असलेलं. कोपऱ्यातला आकडा कुणीतरी भिंगाने वाचला. त्याहून दुप्पट वजन चढवलं होतं. कारण लिहिलं गेलं, जादा भार. नंदूशेठनी मान्य केलं, सुगंधाचा सगळा खर्च केला, पगारही चालू ठेवला. माझ्यावर एक ओळही आली नाही. मुंगीएवढ्या अक्षरांनी मला वाचवलं.

पंधरा दिवस मी ऑफिसात बसून नुसत्या पेन्सिली तासल्या. मग नंदूशेठकडे गेलो आणि सगळं सांगितलं. पहिलं ड्रॉइंग, काढलेले खांब, टेम्पोतल्या गोण्या, वळसा घालून जाणं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दाराकडे बघत म्हणाले, "साहेब, माझ्यासमोर बोललात ते बोललात. भायेर नको. मी माझं मान्य केलंय. तुमचं नाव गेलं तर बाकीचे माळे बघनार कोन?"

त्यांनी मला माफ केलं असतं तर बरं झालं असतं, किंवा शिवी दिली असती तर. हे दोन्ही नव्हतं. मी उठलो आणि कासूची गाडी पकडली.

सुगंधा ओसरीवर बसली होती, हात गळ्यात. सासू तांदूळ निवडत होती. मला पाहून सुगंधा उठायला लागली तशी सासू म्हणाली, "बस गो, साहेबांना काय उठून दाखवायचंय?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. यावेळी सोप्या शब्दांत सांगावं लागलं आणि सोप्या शब्दांत ते फार वाईट दिसलं. सुगंधाने एकच प्रश्न विचारला.

"गोन्या उतरताना बघितलाव तवा तुमाला म्हायती व्हतं?"

"होय."

"मग फोन कशाला केलाव? यायचं व्हतं."

सासूचे हात थांबले.

मग सुगंधाच म्हणाली, "डॉक्टर म्हनतात ही दोन बोटं वाकनार नाय. डोळे काय आता माझ्याच्यानं व्हायचे नाय. डाव्या हातानं रंग भरीन. पन कामाला यायचं म्हनजे त्याच माळ्याखाली."

"माळा नवा करतोय मी. माझ्या खर्चाने. मधले खांब परत घालतोय. आणि मी स्वतः वर उभा..."

"वर?" ती एकदम हसली. हसण्यात हसू नव्हतं. "वर उडी तुमी पयले पन मारली व्हती. मी पेढा खाल्ला व्हता. पडायचं ते वर नाय पडत, साहेब. खाली पडतं. ह्या वेळेला तुमी खाली बसा. माल चढेपर्यंत. मग मी ठरवीन, यायचं का नाय ते."

सासू म्हणाली, "आनि डबा घेऊन जा. येळ लागतो माल चढवायला."

दोन महिन्यांनी माळा उभा राहिला. मधले दोन खांब आले, तुळया पहिल्या ड्रॉइंगच्या मापाच्या. यावेळी दोन दिवस वाळूच्या गोण्या वर होत्या. मी दोरी धरून तपासलं. नंदूशेठच्या हातगाडीला वळसा पडतो म्हणून ते अजून कुरकुरतात. रफिकभाईने तोच पत्रा रंगवला, पिवळ्यावर काळं. पाटीसाठी मी ताणकाटा आणून मूर्ती तोलल्या, तेव्हाच कारागिरांनी मला रद्दीवाला ठरवलं. पाटीवर किलो नाहीत. मराठीत लिहिलंय: या माळ्यावर शाडूच्या एक फुटी मूर्ती इतक्याच, प्लास्टरच्या इतक्याच. खाली माझं नाव, हाताएवढ्या अक्षरांत. नारळ फोडला नाही.

तेव्हापासून मी ताणकाटा घेऊन बाकीच्या दहा माळ्यांच्या मागे लागलोय. सहा मालकांनी पाटी लावू दिली. त्यातल्या दोघांनी खांबही घालून घेतले. चौघे अजून दारातच चहा देतात, आत नेत नाहीत. एक म्हणाला, "साहेब, तुमच्या सहीवरच तर आम्ही माल चढवतो, आता तुम्हीच भीती घालता?" त्याच्याकडे मी दर महिन्याला जातो. तो वैतागतो. मी मग लेखी पत्र दिलं, पोच घेतली, तालुक्याच्या कचेरीतही प्रत दिली. तरी शाडूचा टेम्पो रस्त्यात दिसला की मी स्कूटर त्याच्या मागे घेतो. कुठे जातोय ते बघायला. कितीदा तो माझ्या माळ्याकडे जातच नाही. तरीही जातो मी मागे.

पण सांगायचा राहिला तो दिवस, नंदूशेठच्या नव्या माळ्यावर माल चढला तो. मी सकाळी नऊला नंदूशेठकडे पोचलो आणि सुगंधाच्या जागेवर, माळ्याच्या मध्याखाली, तिच्याच चटईवर बसलो. पाचेक कारागीर शिडीवर उभे राहून हातोहात मूर्ती वर देत होते. सुगंधा शिडीच्या तळाशी उभी राहून मोठ्याने मोजत होती. एक ओळ पुरी झाली की ती मोजणं थांबवायची, माझ्या शेजारून कपाटापाशी यायची आणि डाव्या हाताने त्याचं दार उघडायची. बंद करायची. पुन्हा जाऊन मोजायला लागायची.

खाली बसल्यावर कळतं की माळ्यावरची प्रत्येक मूर्ती टेकताना आवाज करते. एवढ्या वर्षांत मी तो कधी ऐकला नव्हता. टप. टप. प्रत्येक टपला माझे खांदे आपोआप कानांकडे जात होते. एका कारागिराने वरून विचारलं, "साहेब, रद्दी टाकू काय खाली?" कुणी हसलं नाही. माझा डबा मांडीवर तसाच होता. कपाटाच्या दाराची वरची कड दोनदा घासून बोटभर बारीक झालेली, तिथून उजेड दिसत होता. मी त्या फटीकडे बघत बसलो.

दुपार झाली. सुगंधाने शेवटची मूर्ती मोजली, पाटीकडे पाहिलं आणि आकडा पुन्हा एकदा वाचला. अजून ओळभर जागा होती. नंदूशेठ म्हणाले, "अगो, आनखी दहा बसतील." ती म्हणाली, "बसतील. पन चढवायच्या नाय."

मग ती कपाटापाशी आली. दार उघडलं. बंद केलं. उघडलं. बंद केलं. तुळईखाली हात फिरवला, ज्याची दोन बोटं वाकत नव्हती त्या हाताने. थोडा वेळ वर बघत राहिली.

आपला डबा तिने कपाटातून काढला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"उठा आता," ती म्हणाली. "ती जागा माझी हाय."